धानाच्या पाण्याचे डिझेल इंजिन : दोष कसा शोधावा आणि कोठे थांबावे

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा होय. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ‘माजी मालगुजारी’ या नावाने ओळखले जाऊ लागलेले शेकडो तलाव येथे आहेत. शेतोशेती बोड्या आहेत. वैनगंगा, चूलबंद, बावनथडी आणि सूर या नद्यांचे पाणी आहे. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांनीही काही भागास आता पाणी मिळते. पाऊस वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पडतो. इतके असूनही पाण्यावाचून धान गेल्याची उदाहरणे आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. याचे कारण असे की, पाऊस बेरजेने पुरेसा असला तरी तो पिकाच्या सोयीने पडत नाही. रोवणी झाल्यावर त्याने दडी मारली किंवा धान निसवण्याच्या वेळी हस्ताने पाठ फिरविली, तर आठ-दहा दिवसांच्या उघाडीत बांधीला भेगा पडतात व लोंब्या पोचट राहतात.

अशा वेळी बोडीत किंवा नाल्यात असलेले पाणी बांधीपर्यंत आणण्याचे काम पंप करतो. पुष्कळ ठिकाणी आता विजेचे व सौरशक्तीचे पंप बसले आहेत. परंतु जेथे विजेची तार पोहोचलेली नाही, किंवा पंप आज एका बोडीवर व उद्या दुसऱ्या नाल्यावर न्यावा लागतो, तेथे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिनच कामास येते. एक एकर बांधीत पाच सेंटिमीटर पाणी उभे करावयाचे म्हणजे सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते. सेकंदाला १५ लिटर पाणी देणारा पंप हे काम पावणेचार तासांत करतो. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराने चालताना तासाला सुमारे एक लिटर डिझेल घेते. म्हणजे पाटातील व जमिनीतील झीज सोडून दिली, तर चार लिटर डिझेल आणि चार तास एवढ्यावर एका एकराचे पीक तरण्याची शक्यता असते. इंजिन नेमके त्याच दिवशी बंद पडले व मिस्त्री चार दिवस मिळाला नाही, तर नुकसान इंजिनाचे होत नाही, धानाचे होते.

बंद पडलेले इंजिन पाहताच ‘इंजिन खोलावे लागेल’ असे म्हणण्याची घाई होते. वस्तुतः बहुतेक वेळा दोष इंजिनाच्या पोटात नसून बाहेर, म्हणजे डिझेलच्या वाटेवर, हवेच्या वाटेवर किंवा पंपाच्या नळीत असतो. तो शोधण्यास दोन-तीन पाने, एक पेचकस, स्वच्छ फडके आणि शांत डोके एवढे पुरते. मात्र दोष क्रमाने शोधला पाहिजे, आणि कोठे हात थांबवावयाचा हेही ठाऊक असले पाहिजे. या दोन गोष्टी समजावून देणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंजिनाला काय लागते?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी रीतीने चालले. त्याचेच नाव इंजिनाला व इंधनालाही पडले. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने आणि पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीने अशी इंजिने बनविली व ती शेतकऱ्यांच्या विहिरींवर पोहोचली. मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेणारी मंदगती इंजिने आणि १,५०० फेरे घेणारी जलदगती इंजिने असे दोन प्रकार आपल्याकडे आढळतात. दोन्हींचे कार्य एकाच तत्त्वावर चालते.

सिलिंडरमध्ये पिस्टन, म्हणजे दट्ट्या, खाली येतो तेव्हा हवा आत ओढली जाते. तो वर जातो तेव्हा ती हवा दाबली जाऊन मूळ जागेच्या सुमारे सोळाव्या हिश्शात कोंबली जाते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण पाहतोच. तेच येथे फार मोठ्या प्रमाणात घडते व हवेचे तापमान ५०० अंशांच्या पुढे जाते. त्याच क्षणी नोझलमधून डिझेलचा अतिशय बारीक फवारा आत सोडला जातो व तो आपोआप पेट घेतो. या जाळाने पिस्टन खाली ढकलला जातो. तो पुन्हा वर येताना जळालेला वायू बाहेर टाकतो. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत ठिणगी पाडणारा प्लग असतो; डिझेल इंजिनात तो नसतो. म्हणून येथे ठिणगीचा दोष शोधावा लागत नाही. तीनच गोष्टी पाहावयाच्या : डिझेल पोहोचते काय, हवा मिळते काय आणि दाब बसतो काय.

या तिहींपैकी डिझेलचे काम सर्वांत नाजूक आहे. १,५०० फेऱ्यांच्या इंजिनात मिनिटाला ७५० आणि तासाला ४५,००० फवारे उडतात. तासाभरात खर्च होणारे लिटरभर डिझेल एवढ्या फवाऱ्यांत वाटले जाते. म्हणजे एका फवाऱ्यात अर्ध्या थेंबाहूनही कमी डिझेल असते. इतक्या सूक्ष्म मापात हवेचा एक बुडबुडा, पाण्याचा एक थेंब किंवा धुळीचा एक कण शिरला की काम बिघडते. म्हणून शोधाची सुरुवात नेहमी डिझेलपासून करावी.

हात घालण्यापूर्वी

इंजिनाची बाहेरची धूळ व चिखल फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर जोड सैल करताच तो आत जातो. काढलेला प्रत्येक भाग, काढला त्या क्रमाने, पत्र्याच्या परातीत ठेवावा. जवळ विडी-काडी पेटवू नये. पट्टा, फ्लायव्हील यांच्याजवळ काम करताना धोतराचा सोगा, पदर, उपरणे घट्ट खोचून घ्यावे. इंजिन चालू असताना पट्ट्यास हात लावू नये. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. हँडलभोवती अंगठ्याची मूठ वळली आणि इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडते.

इंजिन सुरूच होत नाही, तेव्हा

पहिली पायरी : डिझेल. टाकीत डिझेल आहे काय व तोटी उघडी आहे काय, हे प्रथम पाहावे. हा प्रश्न पोरकट वाटेल, परंतु तो न विचारल्याने तासन् तास हँडल मारले जाते. त्यानंतर टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र मोकळे आहे ना, ते पाहावे. ते धुळीने बुजले, की टाकीत हवा शिरत नाही व डिझेल खाली उतरत नाही. इंजिन थांबविण्याची खिट्टी ‘चालू’च्या बाजूस आहे काय, हेही पाहावे. पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या इंजिनात इंधन-पंपाची दांडी चिकटून बसते. ती बोटाने मागेपुढे सहज सरकली पाहिजे.

आता नोझलचा आवाज ऐकावा. दाब सोडण्याची खिट्टी वर करून हँडल फिरविले असता दर दोन फेऱ्यांस एकदा नोझलमधून ‘टर्र’ असा करकरीत आवाज येतो. आवाज स्पष्ट असेल तर डिझेल पोहोचत आहे असे समजावे आणि दुसऱ्या पायरीकडे वळावे. आवाज नसेल किंवा तो मऊ येत असेल, तर नळीत हवा शिरली आहे. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली, गाळणी बदलली किंवा एखादा जोड सैल झाला, की असे होते.

हवा काढण्याची रीत अशी. टाकी निम्म्याहून अधिक भरावी व तोटी उघडावी. गाळणीच्या डोक्यावरील स्क्रू दोन-तीन आटे सैल करावा. आधी फेसाळ डिझेल येईल; बुडबुडे संपून सलग धार लागली, की डिझेल वाहत असतानाच स्क्रू घट्ट करावा. नंतर इंधन-पंपावरील स्क्रू याच रीतीने सैल करून घट्ट करावा. शेवटी पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या जाड नळीची नोझलकडील नट एक आटा सैल करून हँडल फिरवावे. तेथून डिझेल उसळू लागले, की ती नट आवळावी. टाकीकडून इंजिनाकडे जावयाचे, उलट नव्हे, हा क्रम पाळावा. क्रम चुकला, तर मागची हवा पुन्हा पुढे येते.

येथे एक इशारा द्यावयास हवा. नोझलमधील डिझेल दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम दाबाने सुटते. हा फवारा बोटाने अडविला, तर तो कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते व प्रथम दुखतही नाही. पण आतील मांस सडून बोट काढावे लागण्याची पाळी येऊ शकते. असे झाल्यास घरगुती उपाय न करता त्याच घडीस रुग्णालयात जावे आणि डिझेलचा फवारा आत शिरला असल्याचे डॉक्टरांस सांगावे.

डिझेलमध्ये पाणी आहे अशी शंका आल्यास काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घेऊन रात्रभर ठेवावे. पाणी जड असल्यामुळे ते तळाशी वेगळे दिसते. अशा वेळी टाकी व गाळणीचे भांडे रिकामे करून पुसून घ्यावे, नवे डिझेल गाळून भरावे व पुन्हा हवा काढावी. डिझेल स्वस्तात पडावे म्हणून त्यात रॉकेल मिसळण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. इंधन-पंपास वंगण डिझेलचेच मिळते. रॉकेल पातळ असल्यामुळे ते वंगण तुटते, आणि वाचविलेले पैसे पंपाच्या दुरुस्तीत दुपटीने जातात.

दुसरी पायरी : हवा. हवेच्या गाळणीत धूळ साचली, की इंजिन गुदमरते. गाळणी काढून इंजिन लगेच सुरू झाले, तर दोष गाळणीत आहे हे सिद्ध झाले. मात्र ती साफ करून पुन्हा बसविल्याशिवाय इंजिन चालवू नये. गाळणीवाचून एक हंगाम चाललेल्या इंजिनाचा सिलिंडर बारीक वाळूने घासल्यासारखा झिजतो. गाळणी तेलाची असेल तर जुने तेल काढून भांडे धुवावे व खुणेइतकेच नवे तेल घालावे. धूर बाहेर जाण्याची वाटही तपासावी. उन्हाळाभर पडून राहिलेल्या इंजिनाच्या धुराड्यात कुंभारीण माशी मातीचे घर करते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि इंजिन काही केल्या धरत नाही. धुराड्याचे तोंड डब्याने झाकून ठेवले, तर हा त्रास होत नाही. इंजिन सुरू करण्यापूर्वी डबा काढण्याची आठवण मात्र ठेवावी.

तिसरी पायरी : दाब. दाब सोडण्याची खिट्टी खाली करून फ्लायव्हील हळूहळू फिरवावे. एका ठिकाणी ते जड होऊन अडले पाहिजे व सोडताच मागे उसळले पाहिजे. ते कोठेही न अडता सहज फिरत असेल, तर दाब गळत आहे. कोठून, हे कानाने ओळखता येते. हवेच्या गाळणीकडून ‘सुस्स’ असा आवाज आल्यास आत घेणारी झडप बसत नाही. धुराड्याकडून आल्यास बाहेर टाकणारी झडप बसत नाही. थंड पाण्याच्या टाकीत बुडबुडे आल्यास सिलिंडरच्या डोक्याखालील गॅस्केट फुटले आहे. यांपैकी काहीच नसेल, तर हवेच्या वाटेने लहान चमचाभर वंगण तेल आत सोडून चार-सहा फेरे द्यावेत. एवढ्याने दाब बसू लागला, तर पिस्टनच्या कड्या चिकटल्या किंवा झिजल्या आहेत. तेल चमचाभराहून अधिक घालू नये.

झडपा न बसण्याचे एक साधे कारण टॅपेट व झडप यांमधील फट नाहीशी होणे हे असते. ही फट बहुधा पाव मिलिमीटरहूनही कमी असते. इंजिन थंड असताना, दाबाच्या शेवटी दोन्ही झडपा मिटलेल्या स्थितीत फ्लायव्हील आणून, फीलर गेज नावाच्या पातळ पात्यांच्या मापाने ती तपासावी आणि इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकी ठेवावी. एकदा मिस्त्रीकडून करून दाखविल्यावर हे काम कोणाही शेतकऱ्यास जमते.

इंजिन चालते, पण बरोबर चालत नाही

थोडा वेळ चालून बंद पडणाऱ्या इंजिनात झाकणाचे छिद्र, चोंदलेली गाळणी आणि डिझेलमधील पाणी यांवरच प्रथम संशय घ्यावा. शक्ती कमी वाटत असल्यास धुराकडे पाहावे. इंजिनाचा धूर हा वैद्याला रोग्याच्या जिभेसारखा आहे.

काळा धूर : डिझेल पुरते जळत नाही. भार फार झाला, हवा कमी पडली किंवा नोझल फवाऱ्याऐवजी धार सोडू लागले, असे तीन अर्थ होतात. गाळणी साफ करून व भार कमी करूनही धूर न गेल्यास नोझल तपासून घ्यावे.

निळसर धूर : वंगण तेल जळत आहे. तेल खुणेच्या वर भरले गेले असेल, नाहीतर कड्या व सिलिंडर झिजले असतील.

पांढरा धूर : डिझेल न पेटताच बाहेर पडत आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी जात आहे. थंडीच्या सकाळी सुरुवातीस येणारा पांढरा धूर थोड्या वेळाने जातो. त्याची चिंता नको. तो राहिला व टाकीतील पाणीही कमी होऊ लागले, तर इंजिन थांबवावे.

इंजिन फार तापल्यास भार काढून ते हळू चालू द्यावे व मग बंद करावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतणे ही सर्वांत महाग चूक आहे. त्याने सिलिंडरचे डोके तडकते. निवल्यावर पाण्याची वाट तपासावी. नाल्याचे गढूळ पाणी फिरविले असेल, तर गाळ साचून नळी चोंदलेली आढळते.

वंगण तेल दररोज इंजिन सुरू करण्यापूर्वी मोजपट्टीने पाहावे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी उतरले आहे. पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास आल्यास डिझेल उतरत आहे. दोन्ही प्रसंगी इंजिन चालवू नये. चालू इंजिनातून लोखंडावर हातोडा मारल्यासारखा जड ठोका ऐकू आल्यास त्याच क्षणी ते बंद करावे. एवढे पाणी पुरे करून मग थांबू, असे म्हणण्यात क्रँक जाते.

इंजिन थांबविताना डिझेल बंद करण्याच्या खिट्टीनेच थांबवावे. दाब सोडण्याच्या खिट्टीने थांबविण्याच्या सवयीने झडपा खराब होतात. क्वचित प्रसंगी इंजिन खिट्टीस न जुमानता अधिकाधिक वेगाने पळू लागते. त्या वेळी बाजूस उभे राहून जाड लाकडी फळीने हवेचे तोंड घट्ट बंद करावे. हात लावू नये.

इंजिन निर्दोष, दोष पंपाचा

पुष्कळदा इंजिन उत्तम चालते, पण पाणी येत नाही आणि दोष इंजिनाच्या माथी येतो. पंप व ओढनळी पाण्याने पूर्ण भरली आहे काय, फूटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकला आहे काय, ओढनळीच्या जोडातून हवा शिरते काय आणि पट्टा घसरतो काय, हे क्रमाने पाहावे. ओढनळीचा सैल जोड पाणी गळू देत नाही, हवा आत घेतो. म्हणून तो डोळ्यांस दिसत नाही. जोडावर चिखल थापून पाणी येऊ लागले, तर दोष सापडला.

आणखी एक मर्यादा सर्वांनी ध्यानात घ्यावी. पंप पाणी ओढतो म्हणजे बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते, आणि ती १० मीटरच्या आसपासच ढकलू शकते. व्यवहारात सहा-सात मीटरहून खोल पाणी पंप ओढू शकत नाही. उन्हाळी धानाच्या दिवसांत विहिरीची पातळी खाली गेली, की इंजिन कितीही दुरुस्त केले तरी पाणी येणार नाही.

विहिरीत इंजिन उतरविणे म्हणजे मृत्यूस बोलावणे

पाणी खोल गेल्यावर काही जण इंजिनच विहिरीच्या आतील टप्प्यावर उतरवितात. हे कदापि करू नये. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही व वास नाही. विहिरीत तो साचला, की खाली उतरलेल्या मनुष्यास भोवळ येते आणि ओरडण्यापूर्वीच तो कोसळतो. त्यास वाचविण्यासाठी उतरलेला भाऊ किंवा मुलगा त्याच ठिकाणी पडतो. विहिरीत दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत येथे पुरेशी नाही. दिवा विझल्यास प्राणवायू कमी आहे हे कळते. पण दिवा जळत असला तरी विषारी वायू नाही, असे मात्र सिद्ध होत नाही. बंद खोलीत किंवा दार लावलेल्या इंजिनघरात चालणाऱ्या इंजिनासही हेच लागू आहे. तेथे धुराडे छपराबाहेर काढलेच पाहिजे.

कोणी विहिरीत पडलेला दिसल्यास त्याच्यामागे उतरू नये. गावकऱ्यांस हाक मारावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी व बचावाची साधने असलेल्या माणसांस बोलवावे. खोल पाण्यासाठी पाण्यात बुडून चालणारा विजेचा अथवा सौर पंप हाच योग्य उपाय आहे.

येथे थांबावे

चार ठिकाणी शेतकऱ्याने हात घालू नये. पहिले इंधन-पंपाचे आतील भाग. त्यातील दांडी व नळी यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट एवढीच असते. फडक्याचा एक धागाही तेथे घात करतो. दुसरे नोझल. त्याची छिद्रे तारेने कोरू नयेत. ती मोठी झाली, की फवाऱ्याची धार होते. ते तपासण्याचे यंत्र असलेल्या कारखान्यातच न्यावे. नेताना उघडी तोंडे स्वच्छ कागदाच्या बोळ्याने बंद करून ते फडक्यात गुंडाळावे. तिसरे इंजिनाचा वेग राखणारा गव्हर्नर. त्याची स्प्रिंग ताणून इंजिन जादा पळविल्यास फ्लायव्हील फुटून प्राणहानी होऊ शकते. चौथे क्रँक व तिची बेअरिंगे.

ट्रॅक्टर व चिखलणीचे पॉवर टिलर यांस डिझेल, हवा आणि दाब हाच क्रम लागू पडतो. परंतु आजच्या नव्या डिझेल मोटारी व काही नवे ट्रॅक्टर यांत इंधनाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोग्रॅमच्याही पुढे असतो व तो विद्युत-यंत्रणेने सांभाळला जातो. अशा इंजिनाच्या इंधन-नळीची नट घरी सैल करू नये. जी रीत बोडीवरील इंजिनास तारक आहे, ती तेथे घातक ठरेल.

मृगापूर्वीची तयारी

दुरुस्तीचा खरा दिवस हा इंजिन बंद पडण्याचा दिवस नव्हे. पऱ्हे टाकण्यापूर्वी, मृगाच्या पंधरा दिवस आधी, इंजिन एकदा तासभर चालवून पाहावे. त्याच वेळी वंगण तेल बदलावे, डिझेलची गाळणी नवी घालावी, टाकी धुवावी आणि पट्टा, फूटव्हॉल्व्ह तपासावेत. घरात एक तपासलेले नोझल, एक गाळणी, तांब्याचे वॉशर व एक पट्टा राखून ठेवावा. इंजिनाची पुस्तिका तेलकट हातांपासून दूर, पण हाताशी असावी. एका वहीत दररोज चाललेले तास, घातलेले डिझेल व तेल लिहावे. डिझेल पूर्वीइतकेच जात असून पाणी कमी मिळू लागले, तर ती वही दोष आधीच सांगते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यात आपल्या गावातील इंजिनांची यादी करावी व एक दिवस ठरवून ती एकत्र तपासून घ्यावीत. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांस किंवा एखाद्या अनुभवी मिस्त्रीस बोलावून हवा कशी काढावी, नोझलचा आवाज कसा ऐकावा, फट कशी मोजावी हे प्रत्यक्ष दाखवावे. पाहणाऱ्यांपैकी दोन तरुणांस ते स्वतःच्या हाताने करावयास लावावे; कारण ऐकलेली दुरुस्ती विसरते, केलेली विसरत नाही. फीलर गेजचे एक माप व पानांचा एक संच गावात सामाईक ठेवल्यास खर्चही फारसा येत नाही.

धान निसवताना आकाश कोरडे राहिले, तर पाऊस पाडणे आपल्या हाती नाही. बोडीत पाणी असताना ते बांधीपर्यंत नेणे मात्र आपल्या हाती आहे. त्या दिवशी प्रथम डिझेल, मग हवा, मग दाब एवढा क्रम ज्याला आठवेल, त्याचे इंजिन बहुधा संध्याकाळपूर्वी सुरू झालेले असेल. आणि ज्याला कोठे थांबावे हेही आठवेल, त्याचे इंजिन पुढील हंगामातही चालेल.